अंगठी दादाच्याही हातात दे

प्रिय अंगठीवाहक,

ही सही तूच केली आहेस, म्हणून मीही तुला त्याच नावाने हाक मारते. इतर वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. तू २८ वर्षांची, लालबागला आईबाबांजवळ राहतेस. बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार परळला डायलिसिस. सकाळी सातला त्यांना तिथे पोचवायचं, ते चार तास मशीनवर, तोवर तू बाहेरच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसणार. मग त्यांना घरी सोडून प्रभादेवीहून अंधेरीची लोकल. त्या लोकलमध्ये तू फँटसी कादंबऱ्या वाचतेस, आणि आई म्हणते, 'राक्षसांच्या गोष्टी वाचून घर चालत नाही.' डोंबिवलीच्या दादाने मागच्या महिन्यात विचारलं, 'शनिवारी मी जात जाऊ का?' त्यावर तू उखडलीस, 'तुला त्या फाइलमधलं काय कळतं?' आता रात्री झोप नाही, गाडीत रडू येतं. आणि मला विचारतेस, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतल्या फ्रोडोने ती घातक जादूची अंगठी नष्ट करायला तक्रार न करता शेवटपर्यंत नेली, मग मला एवढंसुद्धा का जमू नये?

अगं, फ्रोडोला तरी कुठे जमलं?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवट पुन्हा वाच. ज्या ज्वालामुखीत अंगठी टाकायला तो एवढा चालत आला, तिथे कड्यावर उभं राहून तो ती टाकायला नकार देतो. 'माझी' म्हणतो आणि बोटात घालतो. अंगठीसाठी वेडा झालेला गॉलम ते बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन अंगठीसकट आगीत पडतो, तेव्हा कुठे काम होतं. तो गॉलम तरी जिवंत का होता? आधी, अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने त्याची कीव केली होती म्हणून. आणि त्या डोंगरावर फ्रोडोच्या पायांत बळच उरलं नाही, तेव्हा त्याच्या सोबतीला आलेल्या सॅमने त्याला पाठीवर घेतलं. तू ज्याला एकट्याचा पराक्रम समजतेस, तो एकट्याने झालेलाच नाही. घरी परतल्यावरही फ्रोडो बरा होत नाही. दर वर्षी जखमेची तारीख आली की आजारी पडतो, आणि शेवटी ज्या गावासाठी हे सगळं केलं ते गाव सोडून समुद्रापार निघून जातो. लेखक टॉल्किन यांनी हे हवेतून लिहिलेलं नाही. ते स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होते, आणि पहिल्या महायुद्धात त्यांचे जिवलग मित्र गेले. फार काळ फार ओझं वाहिलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. आईला हे सांग. राक्षसांच्या गोष्टी म्हणून तिने त्या बाजूला सारू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पण मला तुझं लक्ष वेधायचंय ते दुसऱ्याच प्रसंगाकडे. शत्रूच्या राज्याच्या, मॉरडॉरच्या सीमेवर फ्रोडो मेला असं समजून सॅम अंगठी स्वतःकडे घेतो, आणि पुढे शत्रूच्या बुरुजातून फ्रोडोला सोडवतो. तिथे तो साधेपणाने सुचवतो, फार जड होत असेल तर मी थोडी वाटून घेऊ का? फ्रोडो अंगठी हिसकावून घेतो आणि सॅमला चोर म्हणतो. ज्याने जीव धोक्यात घातला त्यालाच! दुसऱ्या क्षणी त्याला लाज वाटते. पण तेवढ्या क्षणापुरता त्याला समोर मित्र दिसतच नव्हता.

आता तुझं वाक्य वाच. 'तुला त्या फाइलमधलं काय कळतं?'

हे वाक्य तुझ्या स्वभावातलं नाही, असं तुझ्या उरलेल्या पत्रावरून मला वाटतं. ओझं खूप दिवस एकाच खांद्यावर राहिलं की आपल्यालाच वाटायला लागतं, हे दुसऱ्याला पेलणारच नाही. मदतीला आलेला हात लुडबुड वाटतो. पुस्तकातली अंगठी खरोखरच वाटून घेता येण्याजोगी नव्हती. तुझ्या फाइलला मात्र तसली जादू नाही. वजन किती वाढलं, पाणी किती चालतं, कुठल्या गोळ्या डायलिसिसच्या आधी घ्यायच्या नाहीत, हे एका कागदावर मावतं. दादाने ते शिकलं नाही, कारण त्याला शिकायची वेळच आली नाही.

लोकलच्या बाकावर तिघी बसलेल्या असतात. 'जरा सरकता का?' म्हटलं की चौथीला जागा होते. नुसतं डोळे वटारून उभं राहिलं तर कुणी हलत नाही. दादाने तर न विचारता सरकून जागा दिली होती. त्याला आजच फोन कर. 'त्या दिवशी चिडले, चुकलं. शनिवार तू घे,' एवढंच म्हण. डोंबिवलीहून परळला सरळ स्लो लोकल येते. पहिल्या शनिवारी दोघं जा, सिस्टरांशी त्याची ओळख करून दे. दुसऱ्या शनिवारी तू घरीच थांब.

वहिनीला तू पत्रात थेट त्या कादंबरीतल्या खलनायकाच्या, सॉरॉनच्या फौजेत बसवलंस, ते मला पटलं नाही. 'दर आठवड्याला कसं जमेल?' असं ती म्हणाली. घरात दोन वर्षांचं मूल असलेल्या बाईने हा प्रश्न विचारणं साहजिक आहे. घरातल्या माणसांच्या बाबतीत काळी बाजू, गोरी बाजू ही मांडणी सोडून दे. तिथे या कादंबऱ्या आपल्याला फसवतात.

एका ठिकाणी मात्र तू पुस्तकाचं ऐकावंस. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या फँटसी मालिकेतली पहिली कादंबरी, १९६८ची, तुझी आवडती आहे ना? त्यातला तरुण जादूगार गेड आपल्याच हातून सुटलेल्या सावलीपासून पळत राहतो. गुरू ओगियन त्याला सांगतो, वळ आणि तूच तिच्या मागे जा. तुझी सावली तुझ्या पत्रातच आहे: 'पुढे काय, हे मी डॉक्टरांना विचारलेलंच नाही.' विचार. बाबांना प्रत्यारोपण शक्य आहे का? जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाची किडनी चालेल का? नसेल तर मृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत नाव नोंदवता येईल का? मुंबईतली ती प्रतीक्षायादी झोनल ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेशन सेंटर सांभाळतं. उत्तर 'नाही' आलं, तरी रात्री दोन वाजता छताकडे बघत जे प्रश्न तू एकटी सोडवत बसतेस, ते निदान कमी होतील. या भेटीलाही दादाला सोबत ने.

झोप आणि रडणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही, तर १४४१६ वर फोन कर. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बाबांच्या आजारपणापुढे माझं काय, असं मनात आणू नकोस.

दादाच्या हातून सुरुवातीला काहीतरी राहील. एखादा रिपोर्ट घरी विसरेल, बाबांना चहा जास्त देईल. त्यावरून फाइल परत मागू नकोस.

तुझी,
ताई