पैशाच्या सॉफ्टवेअरला चुकीचं पाठ झालंय

हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या ऑटोफिलबद्दल, म्हणजे नाव टाइप करायला घेतलं की मागची नोंद आपोआप भरणाऱ्या सोयीबद्दल, बरेच प्रश्न आलेत. त्यातले चार इथे घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच सापडतील.

प्रश्न: मी घरखर्च क्विकनमध्ये लिहिते, विंडोजवर. किराणा दुकानाचं नाव टाइप करायला घेतलं की दोन-तीन अक्षरांतच पूर्ण नाव, मागची रक्कम आणि कॅटेगरी सगळं आपोआप भरलं जातं, पण कॅटेगरी येते 'औषधं'! मी ती बदलून 'किराणा' करते, काही दिवस बरं चालतं आणि परत औषधं. (त्या दुकानातून कधीमधी गोळ्याबिळ्या घेते, पण नेहमी नाही.) वैतागून ते नाव लिस्टमधून डिलीट केलं तर दोन दिवसांनी हजर.

उत्तर: ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, त्या कंसात. ऑटोफिलला अक्कल नसते, त्याला फक्त मागची नोंद पाठ असते. तुम्ही ज्या दिवशी गोळ्या घेतल्या त्या दिवशी 'औषधं' लिहून नोंद सेव्ह केली, क्विकनने तीच नवीन म्हणून पाठ केली आणि आधीची 'किराणा' पुसली गेली. डिलीट केलेलं नाव परत येतं कारण पाठ करायची सेटिंग चालूच आहे, तुम्ही त्या दुकानाची पुढची नोंद केली की ते पुन्हा लिस्टमध्ये बसतं. म्हणजे नोंदी दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती लिस्टच दुरुस्त करायची.

आधी बॅकअप घ्या, कंट्रोल आणि बी. हे प्लीज टाळू नका, लिस्टमध्ये भसाभस डिलीट केलं की अनडू मिळेलच असं नाही. मग कंट्रोल आणि टी दाबा, मेमोराइझ्ड पेयी लिस्ट उघडते, म्हणजे पाठ झालेल्या नावांची यादी (पेयी म्हणजे आपण ज्याला पैसे देतो तो). तिथे आपलं दुकान शोधा आणि नीट बघा ते एकदाच आहे का. बहुतेकांकडे तेच दुकान तीन-चार अवतारांत असतं, एकात शेवटी टिंब, एकात मध्ये जास्तीची स्पेस, एकात स्पेलिंग वेगळं. आपल्याला ते एकच वाटतं पण सॉफ्टवेअरसाठी ती चार वेगळी माणसं, आणि तुम्ही दोन अक्षरं टाइप केल्यावर त्यातलं नेमकं कोण पुढे येईल सांगता येत नाही. सगळे अवतार सिलेक्ट करून मर्ज करा. उरलेलं एक एडिट करा, कॅटेगरी 'किराणा' द्या, रक्कम रिकामी ठेवा (किराण्याचं बिल दरवेळी वेगळंच येणार, मागची रक्कम भरून काय उपयोग, उलट घाईत एंटर दाबलं की चुकीचा आकडा जातो) आणि त्याला लॉक करा. लॉक केलं की पुढे कधी औषधांची नोंद केलीत तरी पाठ झालेलं बदलत नाही, तेवढ्या नोंदीपुरती कॅटेगरी हाताने बदलायची.

सगळ्याच नवीन नावांचं पाठांतर नको असेल तर एडिट, प्रेफरन्सेस, मग डेटा एंट्री अँड क्विकफिल इथे नवीन पेयी आपोआप मेमोराइझ करायची टिक आहे, ती काढा. मी स्वतः ती काढूनच ठेवते, आधी पाच-पन्नास नेहमीची नावं पाठ करून घ्यायची आणि मग दार बंद, कारण एकदाच गेलेल्या हॉटेलचं नाव कशाला आयुष्यभर सुचवत राहायचं.

आणि एक, लिस्ट सुधारली म्हणून जुन्या नोंदी सुधरत नाहीत. मागच्या महिन्यांत जे किराण्याचे पैसे औषधांत गेलेत ते फाइंड-रिप्लेसनेच हलवावे लागतील, नाहीतर वर्षाच्या रिपोर्टमध्ये तुमचं घर हॉस्पिटलसारखं दिसेल. खऱ्या औषधांच्या नोंदी त्यात वाहून जाऊ नयेत म्हणून सगळ्यांना एकदम टिक करू नका, एकेक बघून करा. कंटाळवाणं काम आहे पण एकदाच.

प्रश्न: मी बँकेतून नोंदी डाउनलोड करतो. नावं इतकी विचित्र येतात की ऑटोफिल काही ओळखतच नाही, म्हणून एक रूल (आपोआप कॅटेगरी लावायचा नियम) बनवला, नावात 'कार' असेल तर कॅटेगरी 'गाडी'. आता क्रेडिट कार्डचं बिल भरलं तरी ते गाडीच्या खर्चात जातंय. हे काय?

उत्तर: 'कार्ड' मध्ये 'कार' आहेच की हो! इंग्रजीतल्या स्टेटमेंटमध्येही तेच होतं. 'कंटेन्स' प्रकारचा रूल शब्द बघत नाही, अक्षरांची रांग बघतो, त्यामुळे रूलमधला तुकडा जितका छोटा तितकी भलतीच नावं त्यात अडकतात. बँकेकडून येणाऱ्या ओळीत सहसा व्यवहाराचा प्रकार, मग दुकानाचं नाव, मग रेफरन्स नंबर असं काहीतरी असतं. तो नंबर दरवेळी बदलतो, म्हणून एकच दुकान सॉफ्टवेअरला दरवेळी नवीन वाटतं आणि ऑटोफिल गप्प बसतं. पाच-सहा महिन्यांच्या त्याच दुकानाच्या ओळी एकाखाली एक ठेवा आणि सगळ्यांत न बदलणारा जो लांबात लांब तुकडा असेल तो रूलमध्ये घाला, व्यवहाराचा प्रकार नको, नंबर तर मुळीच नको. केमायमनी नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेयीच्या मॅचिंग टॅबमध्ये अशा अनेक नावांची यादी देता येते. ग्नूकॅश या दुसऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत वेगळी, ते इम्पोर्ट करताना (बँकेची फाइल आत घेताना) तुम्ही आधी कुठला शब्द कुठल्या खात्यात टाकलात याची आकडेमोड ठेवतं आणि त्यावरून अंदाज करतं, म्हणून सुरुवातीला चुकीचं शिकवलं तर ते चिकाटीने चुकतच राहतं. टूल्समध्ये इम्पोर्ट मॅप एडिटर आहे, तिथे जाऊन शिकवलेलं पुसता येतं.

तुमच्या बाबतीत अजून एक गडबड आहे बरं का. क्रेडिट कार्डचं बिल भरणं हा खर्चच नाही, ती ट्रान्सफर आहे, बँक खात्यातून कार्डाच्या खात्यात. खर्च आधीच कार्डावर नोंदला गेलाय. त्यामुळे नुसता रूल सुधारून थांबू नका, आत्तापर्यंत 'गाडी'त गेलेल्या त्या बिलांना ट्रान्सफर करा. हे करताना डबल नोंद होते ती सांभाळा, कारण ट्रान्सफर लिहिली की दुसऱ्या खात्यात सॉफ्टवेअर स्वतः जोडीची नोंद टाकतं आणि तुम्ही कार्डाचं स्टेटमेंटही डाउनलोड करत असाल तर तीच रक्कम तिकडून परत येते. दोन्ही मॅच करा, न जमल्यास एक काढा.

प्रश्न: कर्जाचा हप्ता दर महिन्याला सारखाच असतो, म्हणून ऑटोफिलवर सोडून दिलाय. तरी सॉफ्टवेअरमधली कर्जाची शिल्लक आणि बँकेची शिल्लक जुळत नाही, आणि फरक दर महिन्याला वाढतोच आहे.

उत्तर: हप्ता सारखा असतो, त्याच्या आतली वाटणी नाही. समजा शिल्लक १,००,०००, व्याज वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का, हप्ता ५,०००. पहिल्या महिन्यात व्याज १,००० आणि मुद्दल ४,०००. आता शिल्लक ९६,०००, म्हणून दुसऱ्या महिन्यात व्याज ९६० आणि मुद्दल ४,०४०. तिसऱ्यात शिल्लक ९१,९६०, व्याज ९१९.६०, मुद्दल ४,०८०.४०. तुमच्या ऑटोफिलने मात्र पहिल्या महिन्याची स्प्लिट (व्याज-मुद्दल वाटणी) पाठ केली आणि दर महिन्याला १,००० आणि ४,००० च लिहीत राहिलं. दुसऱ्या महिन्याअखेर ४० चा फरक, तिसऱ्याअखेर १२०.४०, आणि पुढे फुगतच जाणार. एकूण रक्कम बरोबर दिसते, बँक खातं जुळतं, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही, हीच यातली खरी डोकेदुखी.

यावर ऑटोफिल सुधारून उपयोग नाही, इथे ते वापरायचंच नाही. क्विकनमध्ये कर्जाचं खातं लोन म्हणून सेट केलं की हप्त्याची वाटणी ते दर महिन्याला नव्याने काढतं. ग्नूकॅशमध्ये ॲक्शन्सखाली शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन्समध्ये मॉर्टगेज अँड लोन रिपेमेंट आहे. आणि मेमोराइझ्ड लिस्टमधून तो हप्ता काढून टाका, नाहीतर घाईत बँकेचं नाव टाइप केलं की जुनी स्प्लिट पुन्हा डोकावेल. मागचे महिने बँकेच्या स्टेटमेंटवरून सुधारा, सगळे जमत नसतील तर निदान चालू वर्षाचे तरी, आणि त्याआधीचा फरक एका ॲडजस्टमेंटने व्याजातून मुद्दलात टाका, तारीख आणि कारण मेमोत लिहून.

प्रश्न: ग्नूकॅशमध्ये नवीन वर्षाची नवीन फाइल केली आणि ऑटोफिल एकदम बंद पडलं. सेटिंगला हात लावलेला नाही.

उत्तर: बंद नाही पडलं, त्याला पाठ काहीच नाहीये. ग्नूकॅश वेगळी लिस्ट ठेवत नाही, तुम्ही वर्णन टाइप केलं की त्याच खात्याच्या रजिस्टरमधली आधीची तशी नोंद उचलतं. नवीन फाइलमध्ये आधीचं काही नाही तर उचलणार काय? जुनीच फाइल पुढे चालू ठेवा, वर्षवार रिपोर्ट तारखा टाकून निघतातच. नवीन फाइल हवीच असेल तर दोन-तीन महिने हाताने भरा, पण पहिल्या नोंदी नीट भरा, त्याच पुढे कॉपी होणार आहेत.