सगळं मार्गी लागलं, मग आता का रडू येतंय?

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. शब्द थोडे इकडेतिकडे, सूर तोच. ‘वर्ष कसंबसं काढलं, तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आता सगळं ठीक आहे आणि आत्ताच हे काय सुरू झालंय? माझं डोकं तर बिघडलं नाही ना?’

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. वय अठ्ठेचाळीस. अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही तेच म्हणते. लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

त्यांचं वर्ष असं गेलं. जानेवारीत मिस्टरांची बायपास. मे महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. पितृपक्षात गेल्या. या सगळ्यात मुलाची बारावी, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या, आणि शाळा होतीच. पोषण आहाराचं रजिस्टर कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे बघून थांबत नाही.

डिसेंबरात मिस्टर कामावर रुजू झालेले, मुलगा पुण्यात हॉस्टेलवर, घर शांत. आणि बाई सकाळी गॅससमोर उभ्या राहून दूध उतू जाताना नुसत्या बघत राहिल्या. हात पुढे गेलाच नाही. संध्याकाळी मिस्टर काहीतरी साधंच म्हणाले आणि त्या तासभर रडल्या. जाऊबाईंनी फोनवर ‘पॉझिटिव्ह विचार कर’ सांगितलं. हा सल्ला देणाऱ्याला नेहमी बरं वाटतं.

मी त्यांना रात्रीबद्दल विचारलं. झोप येते का, जाग कधी येते. बाई म्हणाल्या, “बारा, दोन, चार. घड्याळ न बघता सांगते.”

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. बाईंनी हे चार महिने केलं. कूस बदलायची, लघवीची पिशवी बघायची, पाठीला पावडर लावायची, परत आडवं व्हायचं. सासूबाई गेल्या, पण शरीराला ड्युटी संपल्याचं कुणी कळवलंच नाही. दोन वाजता त्या अजूनही उठून बसत. मग आता उठून करायचं काय, हे आठवून पुन्हा पडत. पुढे डोळा लागत नसे.

संकट चालू असताना माणूस दमत नाही असं नाही, दमलेलं कळायला त्याला फुरसत नसते. धोका टळला की शरीर थकलेपण दाखवायला लागतं. म्हणून ‘आत्ताच का’ याचं माझं उत्तर बहुतेकदा हेच असतं, की आत्ता कुठे सवड झाली.

पण एवढ्यावर सोडून द्यायचं नसतं. नैराश्य किती आहे हे बघायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आम्ही वापरतो. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण सत्तावीसपैकी. बाईंचे तेरा आले, म्हणजे मध्यम. मरणाचे विचार येतात का, हेही मी स्पष्ट विचारलं. विचारल्याने ते डोक्यात शिरतात ही भीती खोटी आहे. त्या म्हणाल्या, “मरावंसं नाही वाटत मॅडम. पण कुणीतरी मला आठवडाभर दवाखान्यात ॲडमिट करावं असं वाटतं. म्हणजे मला कुणी उठवणार नाही.”

घरातल्या आजाऱ्याचं करणाऱ्या बायका हे वाक्य इतक्या वेळा बोलतात की त्याचं मला आता नवल वाटत नाही. वाईट मात्र दर वेळी वाटतं.

त्यांना आधी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. मनाचं म्हणून आलेल्या दुखण्यात शरीराचा वाटा किती, हे बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. बाईमाणसाचं बारापेक्षा कमी म्हणजे रक्त कमीच. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून वही काढली. नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे पाचला योगासनं, रोज दहा हजार पावलं, साखर बंद, इंग्रजी संभाषणाचा वर्ग. (दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नावच तसं होतं.) बाईंनी नवीन वर्षासाठी स्वतःवर आणखी चार कामं लादून घेतली होती. ती वही मी बंद करायला लावली आणि विचारलं, सासूबाईंचा पलंग कुठे आहे?

तो सोप्यातच होता. भाड्याने आणलेला, डोक्याकडून वर उचलता येणारा हॉस्पिटलचा पलंग, वर हवेची गादी. अडीच महिने रिकामा, भाडं चालू. दुकानदाराला फोन करायचा राहून गेला होता. येता-जाता तो दिसायचा आणि रात्री पाणी प्यायला उठलं तरी समोर तोच.

“फोन तुम्ही करायचा नाही,” मी म्हटलं. “सरांना करू दे.”

मिस्टर पुढच्या वेळी सोबत आले. एसटीत नोकरीला, सरळ माणूस. म्हणाले, “ती कधी काही सांगत नाही, मग मला कळणार कसं?” खरं होतं, आणि सोयीचंही होतं. पलंग त्यांनी दोन दिवसांत परत केला. सकाळचा चहा आणि डबा आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे गेला.

झोपेसाठी केलं ते साधंच. रोज उठायची वेळ एकच, सहा, रविवारीसुद्धा. दुपारी चारनंतर चहा नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. दोनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणात तळमळत न राहता बाहेर येऊन मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, पेंग आली की परत जायचं. बाईंनी शासनाची परिपत्रकं वाचली. गुण आला म्हणतात.

अवघड गोष्ट वेगळीच होती, ती चौथ्या भेटीत निघाली. सासूबाई गेल्या तेव्हा पहिलं मनात काय आलं, तर ‘सुटले’. म्हातारी सुटली असं नव्हे, मी सुटले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवसांच्या वेळी लोक ‘सून असावी तर अशी’ म्हणत होते आणि त्या आतून जळत होत्या. मी त्यांना समजावायच्या भानगडीत पडले नाही. चार महिने रात्री न झोपलेल्या माणसाला सुटका वाटणारच, आणि तीच व्यक्ती मनापासून रडतेही, एवढंच म्हटलं. मग त्या सासूबाईंबद्दल बोलत राहिल्या. लग्नानंतर बाईंना डी.एड. पूर्ण करायला सासूबाईंनीच स्वतःच्या नवऱ्याच्या विरोधात जाऊन पाठवलं होतं.

वर्षभर घरात सण नाही, हा रिवाज पुष्कळांना जाच वाटतो. बाईंना मी तो वापरायला सांगितला. मार्गशीर्षातल्या गुरुवारचं बोलावणं आलं, संक्रांतीचं वाण आलं, की ‘यंदा आमच्याकडे नाही’ म्हणायचं. कारण विचारायला कुणी येत नाही. एकतीस डिसेंबरला मात्र अशी सवलत नाही. तिथे हसरे फोटो आणि ‘सरत्या वर्षाने काय दिलं’चे मेसेज येतच राहतात. तेवढे दोन दिवस गट म्यूट केले. शाळेच्या हुरडा पार्टीला गेल्या, जेवून लवकर निघाल्या.

असं काही तुमच्या घरात असेल तर दोन आठवड्यांचं माप लक्षात ठेवा. त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस मन खिन्न, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मरणाचे विचार येत असतील तर दोन दिवसही थांबू नका. जवळ कुणी नसेल तर शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

फेब्रुवारीअखेर बाईंचे गुण सहावर आले होते. जाग अजून येते, आठवड्यातून एखाददोनदा. आता दिरांनी वर्षश्राद्ध मोठं करायचं ठरवलंय, दोनशे पानं, स्वयंपाक अर्थात बाईंच्या देखरेखीखाली. “नाही म्हणायचं आहे, पण कसं म्हणू ते ठरत नाही,” त्या म्हणाल्या. त्यासाठी पुढच्या महिन्यातली वेळ घेऊन गेल्या आहेत.