'कानाशी' म्हणजे दुःखी की लाडकी?

प्रश्न असा होता की आजच्या जपानीत 'कानाशीइ' म्हणजे दुःखी, मग मान्योशूमधल्या कवितेत एका मुलीला 'कानाशी' का म्हटलंय, ती तर दुःखी दिसत नाही.

ती दुःखी नाहीच, लाडकी आहे. मान्योशू हा 8व्या शतकातला संग्रह, जवळपास साडेचार हजार कविता, त्याच्या 14व्या खंडात पूर्वेकडच्या प्रांतांतली गाणी आहेत आणि हे त्यातलंच, तामा नदीच्या पाण्यात हाताने विणलेलं कापड शुभ्र करायला टाकलंय आणि गाणारा म्हणतोय की ही पोर मला एवढी का आवडते! शेवटचा शब्द 'कानाशिकी', म्हणजे 'कानाशी'चंच रूप. आपल्याकडे लेकरासाठी जीव तुटतो म्हणतात ना, त्यात माया किती आणि दुःख किती हे वेगळं काढता येत नाही, तसा हा शब्द होता. पुढे जपानच्या मुख्य भाषेत माया गळली, दुःख तेवढं उरलं. ओकिनावाच्या बोलीत मात्र 'कानासान' अजून प्रिय याच अर्थाने आहे.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू, जुन्या जपानीतली अशी बरीच विशेषणं आधी बघणाऱ्याच्या मनात काय होतंय ते सांगायची आणि मग हळूहळू समोरच्याचा गुण होऊन बसली. 'उत्सुकुशी' बघा. मान्योशूत यामानोउए नो ओकुरा हा कवी बायकोमुलांबद्दलच्या मायेसाठी तो वापरतो. इ.स. 1000 च्या आसपास सेइ शोनागोन या जपानी दरबारातल्या लेखिकेने अशा 'उत्सुकुशी' गोष्टींची यादीच केलीय, त्यात खरबुजावर काढलेला बाळाचा चेहरा आहे, उंदरासारखा चूं चूं आवाज काढला की उड्या मारत येणारं चिमणीचं पिल्लू आहे, म्हणजे तोवर अर्थ झाला इवलंसं, गोंडस. आणि आज 'उत्सुकुशीइ' म्हणजे सरळ सुंदर, मग डोंगर का असेना.

'यासाशी' तर 'यासु' म्हणजे रोडावणे यावरून आलाय, लाजेने माणूस झिजून जाईल अशी अवस्था, तिथून संकोची, मग शालीन आणि आता प्रेमळ. 'कावाइइ' म्हणजे आज गोंडस, त्याच्या मुळाशी पण चेहरा लाजेने तापणं आहे, मधे बराच काळ अर्थ होता 'बघवत नाही, बिचारं', तो 'कावाइसो' या शब्दात अजून टिकलाय.

म्हणून जुन्या कविता वाचताना आजची डिक्शनरी न घेता 'कोगो जितेन' म्हणजे जुन्या जपानीचा कोश घ्या, शाळकरी मुलांसाठीचासुद्धा चालेल, ओळखीचा वाटणारा शब्द आला तरी त्यात बघा, कारण अनोळखी शब्द आपण शोधतोच, फसवतात ते ओळखीचे.