परसबागेच्या तळ्यात लाल अळ्या

प्रश्न : परसात सहा बाय चार फुटांचं, दोन फूट खोल सिमेंटचं तळं आहे. त्यात कमळाच्या दोन कुंड्या आणि थोडे गप्पी मासे आहेत. तळाशी बोटाच्या पेराएवढ्या लालभडक अळ्या दिसल्या. घरचे म्हणतात जंत झालेत, शेजारी म्हणतात रॉकेल ओता. काय करावं? (सांगली)

उत्तर : रॉकेल मुळीच ओतू नका. त्याच्या तवंगाने डासांच्या अळ्या गुदमरतात, कारण त्या श्वासासाठी पाण्याच्या वर येतात. तुमच्या अळ्या तळातच राहतात, हवेसाठी त्यांना वर यावं लागत नाही. त्या तशाच राहतील आणि हाल होतील ते माशांचे, बेडकांच्या पिल्लांचे.

आधी ओळख पटवा. पांढऱ्या ताटलीत मूठभर गाळ घ्या, वर स्वच्छ पाणी घाला आणि पाच मिनिटं हलवू नका. अळी एक-दोन सेंटिमीटरची, वळ्यावळ्यांची असेल आणि इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे पिळे घेत पोहत असेल, तर ती चिरोनोमिड चिलटाची. हे चिलट डासासारखं दिसतं, पण चावत नाही. अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून ती लाल दिसते आणि त्याच्याच बळावर ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तगते. केसासारख्या बारीक किड्यांचा पुंजका डोकी गाळात खुपसून शेपट्या हलवत असेल, तर ते ट्युबिफेक्स. दोन्ही टोकांनी चिकटते ती जळू. पहिले दोन्ही गाळातलं कुजकं खातात, पोटातल्या जंतांशी त्यांचा काही संबंध नाही आणि माशांना ते फार आवडतात.

मात्र संख्या एकदम वाढली असेल, तर तळाशी खाद्य जास्त झालंय असं समजा : न खाल्लेलं माशांचं खाणं, गळलेली पानं, कुंडीतून सुटलेलं शेण. उपाय तिथेच करायचा. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. कमळाला ताजं शेण नको. पूर्ण कुजलेलं खत कागदाच्या पुडीत बांधून मातीत खोल पुरा आणि वर दोन इंच जाड वाळू पसरा. गाळ एकदम सगळा उपसू नका, एका वेळी तिसरा हिस्सा काढा. पाणीही तेवढंच बदला. लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणून २८ ने गुणलं की लिटर मिळतात. काठोकाठ भरलेलं तुमचं तळं साधारण १३५० लिटरचं, म्हणजे एका वेळी ४५० लिटर. नळाचं पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून मगच घाला.

कीटकनाशक कुठलंच नको. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय घातक असतात. शिवाय अळ्या एकदम मेल्या तर त्या कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकू लागतात. डास खाणाऱ्या चतुर-टाचण्यांच्या पिल्लांनाही औषध सोडत नाही, हे मोठंच नुकसान.

प्रश्न : पावसाळ्यात टाक्यात फूटभर लांब, काळपट, दोऱ्यासारखा किडा गाठी मारत होता. गाई तिथेच पाणी पितात. (चिपळूण)

उत्तर : वर्णनावरून हा नेमॅटोमॉर्फा गटातला किडा दिसतो. तो नाकतोड्यांच्या, रातकिड्यांच्या अंगात वाढतो आणि तो नाकतोडा किंवा रातकिडा पाण्यात पडला की बाहेर येतो. गुरांना किंवा माणसांना त्याची बाधा होत नाही. काडीने उचलून टाका.