खणात राहिलेले प्रकरण

अनेक आशीर्वाद.

संशोधन मार्गदर्शक म्हणून तुला मान्यता मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. मात्र पत्राच्या शेवटी तू ओझरते लिहिले आहेस की रात्र-रात्र झोप लागत नाही आणि विद्यार्थ्याचा फोन आला तरी छातीत धडधडते, त्याविषयीच आज लिहितो आहे.

नोकरीच्या बाराव्या वर्षी मला नैराश्याने गाठले. नॅकची, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाची, तयारी चालू होती आणि दोन रिक्त पदांचे तासही माझ्याकडे होते, पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. एका विद्यार्थ्याने प्रबंधाचे तिसरे प्रकरण आणून दिले, ते मी टेबलाच्या खणात ठेवले आणि पाच महिने उघडले नाही. तो दर सोमवारी येऊन दाराबाहेरच्या बाकावर बसे. पुढेपुढे 'सर, वाचलंत का?' असे विचारणेही त्याने सोडले. अखेर मी वाचले तेव्हा प्रकरण उत्तम निघाले, परंतु माझ्या मौनाचा अर्थ आपले लेखन टाकाऊ आहे असा लावून त्याने तोवर ते तीनदा नव्याने लिहिले होते. याची खंत मला आजही आहे.

म्हणून सांगतो, विद्यार्थ्याला स्पष्ट कळव की प्रकृती ठीक नसल्याने वाचनाला महिना लागेल आणि या उशिराचा त्याच्या लेखनाशी काही संबंध नाही. आजाराचा तपशील मात्र त्याच्यापाशी उघड करू नकोस; त्याचा प्रबंध तुझ्या सहीवर अवलंबून असल्याने, ऐकायचे नसले तरी त्याला ऐकावेच लागेल. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण होतेच, तेव्हा त्या सदस्यांना प्रकरण वाचायला देण्यात कमीपणा मानू नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.चे चार विद्यार्थी घेता येत असले, तरी सध्या तू एकावरच थांब.

विभागात कळेल या भीतीने मी डॉक्टरांकडे जायला वर्षभर टाळाटाळ केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि रात्री फारच असह्य झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तरीही मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटच.

भेटीची वेळ ठरली की मला कळव. तुझ्या विद्यार्थ्याची हरकत नसेल तर त्याचे प्रकरण तोवर माझ्याकडे पाठव, मी वाचून देईन.