पर्यावरणाची पदवी: देश ठरवण्याआधी अभ्यासाची जमीन ठरवा

मस्कतहून एका आईने लिहिले आहे की त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे, तिला पर्यावरणाचाच अभ्यास करायचा आहे, नेदरलँड्स, इंग्लंड आणि कॅनडा या तीन देशांतल्या विद्यापीठांची यादी तिने स्वतः तयार केली आहे आणि कोथरूडला राहणारे आजोबा मात्र दर रविवारच्या फोनवर ‘हे शिकून पोटापाण्याचे काय?’ एवढेच विचारतात. तिन्हींपैकी कोणता देश चांगला, हे मी सांगावे अशी त्यांची अपेक्षा आहे.

मी पुण्यात अनेक वर्षे हा विषय शिकवला आहे आणि त्या अनुभवावरून माझे प्रामाणिक मत असे आहे की देशाचा प्रश्न तुम्ही थोडा मागे ठेवावा. हा विषय अमुक एका नदीच्या काठावर आणि अमुक एका डोंगराच्या उतारावर उभे राहून शिकावा लागतो. त्यामुळे पुढची दहा-वीस वर्षे आपल्याला कोणत्या पाण्यावर, कोणत्या मातीवर काम करायला आवडेल, हे मुलीने आधी चाचपून पाहिले, तर विद्यापीठांची यादी आपोआप लहान होते.

दुसरी गोष्ट तिच्या यादीबद्दल. पर्यावरणाच्या नावाखाली दोन निराळ्या पदव्या मिळतात. एक विज्ञानाची (‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स’), जिच्यात रसायनशास्त्र, जलविज्ञान, संख्याशास्त्र, परिसंस्था असे विषय असतात. दुसरी अभ्यासाची (‘एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज’), जिच्यात कायदा, अर्थशास्त्र, धोरण, इतिहास आणि समाजशास्त्र येते. नावांत एका शब्दाचा फरक असल्यामुळे पालकांची गल्लत होते आणि ती पहिल्या सत्राच्या परीक्षेत उघडकीला येते.

हा फरक समजावा म्हणून आमच्या सहलींतले दोन प्रसंग सांगते. मुठा नदीत विरघळलेला प्राणवायू मोजायला आम्ही मुलांना घेऊन जात असू. काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचे, बाटलीतच मँगेनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचे द्रावण सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि वाट पाहायची. शहराच्या वरच्या अंगाला, खडकवासल्याच्या बाजूच्या पाण्यात तपकिरी साका तळाशी बसला. तेच शहर ओलांडून खाली घेतलेल्या नमुन्यात साका जवळजवळ पांढरा राहिला. पांढरा म्हणजे प्राणवायू उरलेला नाही. त्या दिवशी एक मुलगी बाटली हातात धरून बराच वेळ नुसती उभी होती. ज्या मुलाला त्या बाटलीपुढे ‘किती, का आणि कुठून’ असे प्रश्न पडतात, त्याने विज्ञानाकडे जावे.

दुसरा प्रसंग भोर तालुक्यातल्या एका देवराईचा. झाडे मोजून झाली, वेलींची नावे लिहून झाली आणि मग कुणीतरी विचारले की ही राई नेमकी कुणाची? गावातल्या वृद्धांनी ‘देवाची’ असे सांगितले. आम्ही सातबारा काढला, तर त्यावर राईचा उल्लेखही नव्हता. गाव नमुना सात हा जमिनीवरच्या हक्कांचा अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंद. या दोन्हींच्या रकान्यांत न बसणारे, पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड न लागलेले जंगल कागदावर दिसतच नाही आणि जे कागदावर नाही, ते वाचवताना गावाची फार दमछाक होते. ज्या मुलीला या कागदाचा राग येईल आणि तो बदलावा कसा, हा विचार तिची झोप उडवेल, तिने अभ्यासाची, म्हणजे धोरण-कायद्याची पदवी घ्यावी.

तुमच्या मुलीला यांतले काय जवळचे वाटते, ते तिला विचारा. उत्तर ‘दोन्ही’ असे आले तर विज्ञानाची पदवी आधी घ्यावी असे मी सुचवेन, कारण धोरण पुढे पदव्युत्तर वर्गात शिकता येते, पण सुटलेले गणित आणि रसायनशास्त्र मागाहून भरून काढणे फार जड जाते.

आता तिची यादी. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाची पर्यावरण-विज्ञानाची पदवी तीन वर्षांची असून इंग्रजीतून शिकवली जाते. शेती, माती आणि पाणी यांत ज्यांना रस आहे, त्यांच्यासाठी ती जागा उत्तम आहे. इंग्लंडमध्ये नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात हवामान संशोधनाचे केंद्र 1972 पासून आहे, म्हणून हवामानाकडे ओढा असेल तर तिथला अभ्यासक्रम बारकाईने पाहावा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पर्यावरणाची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि अभ्यासाच्या मधल्या सत्रांत पगारी काम करण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. पदवी मात्र साधारणपणे चार वर्षांची होते, म्हणजे खर्चाचे एक वर्ष वाढते. तुमच्या यादीत जर्मनी नाही, तरी सांगते की तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, परंतु पदवीचे बरेचसे वर्ग जर्मन भाषेत चालतात आणि केवळ आपली बारावी अनेकदा थेट प्रवेशाला पुरत नाही, तयारीचे एक वर्ष करावे लागते.

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पदवीच्या सगळ्या वर्षांच्या विषयांची पूर्ण यादी असते. जाहिरातीची पुस्तिका बाजूला ठेवून ती यादी मुलीसोबत बसून वाचा आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे दिवस किती, ते कुठे होते, त्याचा खर्च शुल्कात धरला आहे का, हे पत्र लिहून विचारा. भारतात परत येण्याचा विचार असेल, तर त्या पदवीची इथे समकक्षता कशी मिळते, हेही प्रवेशाआधीच तपासून घ्या. आखाती देशांतल्या कुटुंबांना ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण आईवडिलांचा निवास नोकरीशी बांधलेला असतो आणि मुलांना कधी ना कधी तिसरे घर शोधावे लागते.

आजोबांचा प्रश्न मला मुळीच चुकीचा वाटत नाही. त्यांना सांगा की भारतात 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना काम सुरू करण्याआधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते आणि त्या अहवालांसाठी पाणी, हवा, जैवविविधता जाणणारी माणसे लागतात. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्यांना आपल्या पर्यावरणीय कामगिरीचा तपशील दरवर्षी जाहीर करावा लागतो, तिथेही हे शिक्षण उपयोगी पडते. पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे आणि कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. सुरुवातीचा पगार संगणक अभियंत्याइतका नसेल, हेही त्यांच्यापासून लपवू नका.

आजोबांना पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे नाव नक्की ठाऊक असेल. 1942 मध्ये पुण्यात जन्मलेले गाडगीळ फर्ग्युसनमध्ये शिकले, हार्वर्डला गेले, तिथे डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. अभ्यासाची साधने त्यांनी दूरच्या देशातून आणली आणि जमीन सह्याद्रीची निवडली. तुमच्या मुलीने ओमानचे वाळवंट किंवा तिथला समुद्रकिनारा निवडला तरी मला तितकाच आनंद होईल, फक्त ती निवड तिने डोळे उघडे ठेवून करावी.

म्हणून माझी एक विनंती आहे. बारावीची परीक्षा आटोपली की तिला दीड-दोन महिने पुण्याला पाठवा आणि शक्य असेल तर पहिला पाऊस पडेपर्यंत राहू द्या. तुमच्या पत्रात भोरजवळच्या वडिलोपार्जित जमिनीचा ओझरता उल्लेख आहे. त्या जमिनीचा सातबारा आजोबांनी नातीला एकेक रकाना करून वाचायला शिकवावा आणि मग दोघांनी एसटीने जाऊन बांधावर उभे राहून पाहावे की कागदावर लिहिलेले किती आहे आणि समोर दिसते आहे ते किती. तिथून आल्यावर तिने मला स्वतः, मराठीत, पत्र लिहावे. विद्यापीठाचे नाव आपण त्यानंतर ठरवू.