बडोद्यात उन्हाळ्यात दारूशिवाय, स्वस्तात मोठ्यांनी काय करावं?
गुजरातेत दारूबंदी, म्हणजे अर्धा प्रश्न सरकारनेच सोडवलाय! उरलेल्या अर्ध्याला कमाटीबाग. १८७९ पासूनची बाग, सकाळी सहाला गेलात तर ऊन चढायच्या आत दोन फेऱ्या आरामात होतात. नंतर आतलंच म्युझियम, तिकीट किरकोळ. ममीपाशी सगळेच थांबतात. मी मात्र दरवेळी देवमाशाच्या सांगाड्याजवळ रेंगाळतो. शेपटीपासून जबड्यापर्यंत बघायला अक्षरशः चालत जावं लागतं.

चित्रांची आवड असेल तर कीर्तिमंदिरातली (गायकवाड घराण्याचं स्मारक) नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघा, ‘गंगावतरण’ चुकवू नका.

संध्याकाळी सूरसागर तलावाच्या काठावर गप्पा. मग सेवउसळ. तर्री वेगळी मागून घ्या, पण आधी चमचाभरच घालून बघा. माझ्या मेव्हण्याने अख्खी वाटी ओतली होती.